निझव्यातली सर्वांत मोठी डिकी

आमच्याकडे पार्टी डिकीत होते. 'आमच्याकडे' म्हणजे ओमानमध्ये, निझव्याच्या बाहेर, खजुराच्या एका बागेला लागून जे खडीचं मैदान आहे तिथे; आणि डिकी म्हणजे गाडीचीच डिकी, जिच्यात शहाणी माणसं स्टेपनी ठेवतात. शुक्रवारी सकाळी आम्ही काही मराठी इंजिनियर, दोन अकाउंटंट आणि एक दातांचा डॉक्टर क्रिकेट खेळतो. मॅचच्या आधी आणि नंतर गाड्या ओळीने उलट्या लावायच्या, डिक्या उघडायच्या आणि त्यांच्यातले डबे रिकामे करायचे. एकात पोहे, एकात मटण, एकात लबन, म्हणजे इथलं ताक. दारू नाही. ती इथे उघड्यावर चालत नाही, आणि आमच्या बॅटिंगला तिची गरजही नाही; शुद्धीत असतानाच आम्ही तसे खेळतो.

एका शुक्रवारी माझ्या डिकीतला रश्शाचा डबा कलंडला. गाडीला पुढे वर्षभर खोबऱ्याचा वास येत होता. तेव्हा मी त्राग्याने म्हणालो, "डिक्या एवढ्या लहान का बनवतात?"

आमचा विकेटकीपर पॅड सोडत होता. तो म्हणाला, "डिक्या बरोबर आहेत लेका, तुझी भूक मोठी आहे. तुले बस पाहिजे बस."

हा कीपर अकोल्याकडचा. इलेक्ट्रिकल इंजिनियर, माझ्याच कंपनीत, माझ्याच मजल्यावर. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं, आणि त्या विषयावर तो बोलत नसे. बाकी सगळ्या विषयांवर बोलायचा, आणि मुख्यतः माझ्यावर. त्याने चेष्टेत एखादी गोष्ट म्हणावी आणि मी ती खरोखर करून बसावं, अशी आमची कामाची वाटणी होती.

पुढच्याच महिन्यात कंपनीने मला इब्र्याच्या बाजूला एक ड्रेनेज लाइन बघायला पाठवलं. तिथे एक लेबर कॅम्प बंद झाला होता आणि आवारात त्यांची जुनी बस धूळ खात उभी होती. इंजिन गेलेलं, टायर बसलेले, आरशाला कुणीतरी बांधलेलं लिंबू वाळून सुपारीएवढं झालेलं. भंगारवाल्याच्या आधी मी पोचलो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायकोने शांतपणे विचारलं,

"तू गटार बघायला गेला होतास ना?"

"बघितलं की."

"मग बस कुठून आली?"

मी हात धुवायला गेलो.

बस ट्रेलरवर चढवून मैदानाच्या कडेला आणून उभी केली. खजुराच्या बागेचा मालक, ज्याला आम्ही सगळे अर्बाब म्हणायचो, त्याने एक हिवाळाभर ती तिथे ठेवायला परवानगी दिली. बसभोवती त्याने एक चक्कर मारली, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाला, "इन्शाल्ला." रस्त्यावर चालणारी गाडी इथे अशी मनाला येईल तशी कापता येत नाही, पोलीस उचलतील. पण आमची बस कुठे जाणारच नव्हती. तिने फक्त उभं राहायचं आणि आम्हाला खायला घालायचं.

बेत असा होता: मागची अख्खी भिंत कापायची, तिला वरून बिजागऱ्या लावायच्या आणि ती डिकीच्या झाकणासारखी वर उचलायची. निझव्यातली सर्वांत मोठी डिकी. आत एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला बाकं, मध्ये शेगडी. ड्रॉइंग मी काढलं. वेल्डर सनायातला, म्हणजे इथल्या गॅरेजांच्या वस्तीतला, एक पंजाबी म्हातारा होता. त्याने ड्रॉइंग उलटं धरून पाहिलं, मग सुलटं धरलं, मग घडी करून खिशात घातलं. ते मी पुन्हा पाहिलं नाही. झाकण उचलून धरायला मी एका मोटारीच्या डिकीचे दांडे काढून आणले होते. पहिल्या दिवशी ते झाकण तेवढ्यावर बरोबर एक शिंक येईपर्यंत टिकलं. शिंक माझी होती. डोकंही माझं होतं. त्यानंतर आम्ही लोखंडी पाइपाचे टेकू लावले.

त्याच दिवसांत कीपरची पाठ दुखायला लागली.

आम्ही म्हणालो, सोपे कॅच सोडायचे बहाणे. तो म्हणाला, तुमची बॉलिंग बघून कुणाचीही दुखेल. मग तो वाकेनासा झाला, मग बसेनासा झाला. मस्कतच्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि कळलं की दुखणं पाठीचं नव्हतंच. ते दुसरीकडून निघून मणक्यात येऊन मुक्कामाला बसलं होतं. ऑपरेशनची वेळ गेली होती. डॉक्टरांनी त्याला विमानात बसायला मनाई केली. झोपवून न्यायचं तर छातीतलं पाणी कमी होईपर्यंत थांबा म्हणाले. तोवर त्याने निझव्यातल्या आपल्या फ्लॅटमध्ये सपाट पडून राहायचं. अगदी सपाट. उशीसुद्धा नाही. मान पुढे झुकली की मणक्यात अशी कळ जायची की हा वाचाळ माणूस गप्प व्हायचा, आणि त्याचं गप्प होणं बघवत नसे.

अकोल्याहून त्याची आई आली. बारीक, काळीसावळी, पांढऱ्या साडीतली बाई. आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास करून ती थेट पोराच्या पलंगाशी येऊन बसली ती उठलीच नाही. मला ती 'भाऊ' म्हणायची. मी तिला आई म्हणायचो, कारण दुसरं काय म्हणणार.

मी रोज ऑफिस सुटल्यावर जायचो. गेलो की त्याचा प्रश्न ठरलेला. "बस झाली का बे?"

"होतेय."

"कधी?"

"इन्शाल्ला."

"म्हणजे नाही होत." मग तो वर बघायचा. "हे छत पाहून पाहून मी येडा होईन. त्या कोपऱ्यात पोपडा आहे ना, पाहिलास? आधी तो श्रीलंकेसारखा दिसायचा. आता वाढून ऑस्ट्रेलिया झाला. मले एक दिवस छत नको. मैदान पाहिजे. तुम्ही आउट झालेले पाहिजेत."

"अँब्युलन्स मागवू. मैदानाच्या कडेला उभी करू."

"अँब्युलन्समधून मॅच पाहायले मी काय पेशंट आहे?"

झालं. त्या दिवसापासून बस माझी राहिली नाही. बाकं गेली, शेगडी बाहेर गेली. मधोमध लोखंडी पलंग आला, जमिनीला बोल्टने जखडलेला, डोकं ड्रायव्हरकडे, पाय डिकीकडे. झाकण वर उचललं की पायांच्या पलीकडे सरळ पिच. मी टेप घेऊन सगळं मोजलं. आमच्या एका जीपच्या मागच्या सीटा पाडून त्याला आडवं आणायचं, चौघांनी उचलून आत ठेवायचं. माझ्या अख्ख्या नोकरीत मी कुठल्या गटारासाठी इतकं मन लावून काम केलं नव्हतं.

शेवटचा टाका वेल्डरने एका बुधवारी दुपारी मारला. गॉगल वर केला आणि म्हणाला, "खलास, साब."

इथे खलास म्हणजे झालं, तयार, संपलं काम. अरबी शब्द आहे. ऑफिसात आम्ही दिवसातून पन्नासदा म्हणतो. बिल खलास, मीटिंग खलास, जेवण खलास. इतकी वर्षं म्हणून म्हणून तोच शब्द मराठीत कशासाठी वापरतात हे माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. मी तिथूनच कीपरला फोन लावला. शेजारी ग्राइंडर किंचाळत होता. फोन त्याच्या आईने उचलला, तो हातात धरत नसे म्हणून. मी आनंदाने ओरडलो,

"आई, खलास! एकदम खलास! आता काही बघायचं नाही, शुक्रवारी उचलायचं आणि न्यायचं!"

पलीकडून जो आवाज आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. आधी वाटलं ग्राइंडरच. मग कळलं की माणूस आहे.

ती बाई स्वयंपाकघरात होती, पोरगा आतल्या खोलीत. फोनवर त्याचा मित्र सांगतोय की खलास. तिला वाटलं तो आत्ता, ती भाजी परतत असताना, गेला; आणि आपल्या आधी ते बाहेरच्यांना कळलं. खालच्या मजल्यावरची माणसं वर धावत आली. पाच-दहा मिनिटांनी मला त्याचा फोन आला. कुणीतरी त्याच्या कानाशी धरला असावा.

"लेका," तो दमून म्हणाला, "मी मेलो म्हणे. तुले कोणी सांगितलं?"

मी तसाच गेलो, कपड्यांवर लोखंडाचा भुगा. आई भिंतीला टेकून बसली होती. मी बोलायला सुरुवात केली की शब्द अरबी आहे, अर्थ वेगळा आहे, इथे सगळेच तसं म्हणतात. जितकं समजावलं तितकं वाईट होत गेलं. शेवटी मी भाषाशास्त्राकडे वळलो तेव्हा आत पडलेला तो ओरडला, "अबे, बस कर!"

ती म्हणाली, "भाऊ, आमी शकुन-अपशकुन मानत नाई. माह्या सासऱ्यानं ते सगळं कवाच सोडलं. तुमचा शब्द मले समजला. पण माह्या पोराले त्या गाडीत पाय ठेवू देनार नाई."

"आई, मग मानत नाही म्हणता ते…"

"मानत नाईच. पण मी आई हाय."

त्या शुक्रवारी बस तशीच उभी राहिली. आम्ही आमच्या लहान डिक्यांतून पोहे खाल्ले आणि कोणी त्या मोठ्या डिकीकडे बघितलं नाही.

पण शब्दाचं काय करणार? तो साऱ्या गावात पसरलेला. इंजेक्शन द्यायला येणारी मल्याळी नर्स सुई काढून म्हणायची, "खलास, अम्मा." किराणावाला म्हणायचा, "दही खलास." लिफ्ट दुरुस्त करणारा म्हणायचा. आई सुरुवातीला दचकायची, पदराचं टोक मुठीत धरायची. मग पोरानेच तिची शिकवणी घेतली. मी समोर होतो.

"आई, दूध संपलं तर काय म्हणायचं?"

"संपलं म्हनायचं."

"तो दुकानदार मराठी आहे का? खलास म्हण."

"नाई म्हनत जा."

"आई, म्हण ना. एकदा."

तिने तोंड फिरवून, जणू शिवी देते आहे तशी, "दूध खलास," म्हटलं आणि तो हसला. हसल्याने दुखलं, तरी हसला. त्या हसण्यासाठी ती रोज म्हणायला लागली. औषध खलास. गॅस खलास. कपडे वाळत घालून आली की दारातून, "खलास रे!" एकदा मला चहा देऊन म्हणाली, "साखर खलास, भाऊ, तसाच प्या," आणि आम्ही तिघंही हसलो. मी मनात म्हटलं, चला, एक गाढवपणा तरी फिटला.

दिवस जात होते आणि त्याचा आवाज बारीक होत होता. तो आता बसचं विचारत नसे, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. छताकडेही बघत नसे. डोळे मिटून असायचा. एका संध्याकाळी मी निघालो तेव्हा आई जिन्यापर्यंत आली.

"भाऊ, डॉक्टर म्हने आता विमान नाई."

मी मान हलवली. मला ते आधीच ठाऊक होतं.

"मंग त्याले न्या तुमच्या गाडीत. या शुक्रवारी. मी बी येईन संगं." मग थोडं थांबून, "सकायी त्याचं अंग पुसून, कपडे बदलवून तयार झाला की मी तुमाले फोन करीन. तवाच येजा. आधी येऊन घाई करू नका, त्याले दुखते."

शुक्रवारी उजाडायच्या सुमारास आम्ही सगळे मैदानावर होतो. रुस्ताक गावची टीम आमच्याशी खेळायला आली होती. डिकीचं झाकण वर, पाइपाचे टेकू दोनदा तपासलेले, पलंगावर नवी चादर. माझ्या बायकोने, जी या बसचं तोंडही बघणार नव्हती, झाकणाच्या कडेने झेंडूच्या कागदी माळा लावल्या. त्याची कीपरची जर्सी धुऊन इस्त्री करून माझ्या हातात होती. शेगडीवर मटण रटरटत होतं; तो खाणार नव्हता, पण वास तरी घेईल. अर्बाबसुद्धा खजुराचं ताट घेऊन आला आणि या वेळी 'इन्शाल्ला' न म्हणता 'माशाल्ला' म्हणाला.

फोन वाजला. आईचा.

"भाऊ," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, साखर संपल्याचं सांगावं तसा. "खलास."

"यल्ला, आई!" मी ओरडलो. "आलोच!" आणि फोन ठेवला.

आम्ही चौघं जीपमध्ये चढलो. एकाने वाटेत दोनदा हॉर्न वाजवला, मुद्दाम, मिरवणुकीसारखा. मी जर्सी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि त्याला काय टोमणा मारायचा याची मनात तयारी करत होतो. तयार झाला होता टोमणा, चांगला होता. जिना चढताना पहिल्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडं दिसलं, दुसऱ्यावरही. त्याच्या दाराबाहेर चपला होत्या. इतक्या सकाळी इतक्या चपला. तरीही मला कळलं नाही. मी दारातून आत डोकावून म्हणालो, "काय राजे, झाली का आंघोळ?"

नर्स पलंगाजवळ उभी होती. तिने सुई-बिई सगळं आवरून पिशवीत ठेवलं होतं. त्याचे डोळे मिटलेले होते, पण गेले आठवडाभर ते तसेच असायचे. वेगळं होतं ते तोंड. ते थोडं उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. रंगीत जर्सी घातलेले आम्ही चार घोडे, एकाच्या हातात स्ट्रेचर. ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"भाऊ, तुमी फोनवर काय म्हनले? यल्ला?"

"हो."

"म्हंजे काय?"

मागच्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "चला. म्हणजे चला, आई."

"हाव," ती म्हणाली. "चाल्ला मंग थो."

नंतरची कामं इथे राहणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात. एकाची झाली की दुसऱ्याला उपयोगी पडतात. इस्पितळाचा दाखला, पोलीस, वकिलात, मालवाहू विभागाचं तिकीट. विमानात बसायला ज्याला मनाई होती त्याला आता झोपून जायला कोणाचीच हरकत नव्हती. त्यांच्या समाजाच्या मंडळींनी मस्कतला त्रिशरण म्हटलं. मी मागे उभा राहून ओठ हलवले. मैदानावरचं मटण त्या दिवशी रुस्ताकच्या टीमने चुपचाप झाकून, गाडीत घालून, आमच्या प्रत्येकाच्या घरी पोचवलं होतं. ते कोणी खाल्लं का हे मी कधी विचारलं नाही.

तिचं विमान होतं त्याच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "ती गाडी दाखवा मले."

मी टाळायला बघितलं. म्हटलं, धूळ झाली असेल. ती चप्पल घालून दारात उभी राहिली.

दुपार कलली होती, मैदानावर कोणी नव्हतं. मी कुलूप काढलं, झाकण उचललं, टेकू लावले. कागदी झेंडू वाऱ्याने अर्धे गळाले होते. मी तिला सगळं सांगत गेलो, गाइडसारखं, कारण थांबलो असतो तर रडलो असतो. हे झाकण, हे पाइप, हे पिच, तिकडून बॉलर येतो, इथे तो असा समोर… ती ऐकत नव्हती. तिने पायरीशी चपला काढल्या, साडी सावरली, वर चढली आणि पलंगावर आडवी झाली. तो जसा झोपायचा तशी. सरळ, हात बाजूला, पाय डिकीकडे.

मी खाली उभा. मला वाटलं, आत्ता ती म्हणेल, चांगली केली होती, भाऊ. खरं सांगतो, मी त्याची वाट बघत होतो.

"भाऊ, मैदान कुठी हाय?"

"समोर, आई. पायांच्या पलीकडे."

"मले तर पत्राच दिसते."

मी वर चढलो. वाकून तिच्या डोक्याच्या रेषेत माझं डोकं आणलं. बसचं छत होतं. जुनं, रंग उडालेलं, मध्ये गंजाचा एक मोठा डाग, आणि टोकाला, डोळे दुखेपर्यंत खाली वळवले तर, झाकणाची कड आणि बोटभर आभाळ. पिच नाही, स्टंप नाहीत, माणसं नाहीत. मी लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, झाकणाचं वजन मोजलं होतं. त्या पलंगावर मी बसलो होतो, उभा राहिलो होतो, डबा खाल्ला होता. झोपून बघितलं नव्हतं.

तोंडातून निघून गेलं, "डोक्याखाली उशी दिली की दिसतं, आई."

ती वर त्या डागाकडेच बघत होती.

"उशी कुठी चालत होती त्याले," ती म्हणाली.